दादरचा तर्कसंग्रहाचा वर्ग: चौदा शनिवार पूर्ण केले, आता सविस्तर लिहितो

मी एसी रिपेअरिंगचं काम करतो, वीस वर्षं झाली, आयटीआयला रेफ्रिजरेशनचा ट्रेड केलाय आणि संस्कृत म्हणाल तर शाळेत आठवी ते दहावी जेवढं होतं तेवढंच. हे आधी सांगतोय कारण खूप जणांनी विचारलं की न्यायशास्त्राच्या (कोर्टाचं नव्हे, युक्तिवाद कसा तपासायचा ते सांगणारं जुनं संस्कृत शास्त्र) क्लासला तू कसा काय गेलास आणि तुला त्यातलं कळलं का, तर हो कळलं, आणि जे कळलं ते रोज कामाला येतंय, म्हणून वेळ काढून लिहितो.

झालं असं की जून महिन्यात दादरला हिंदू कॉलनीत एका घरी सर्व्हिसिंगला गेलो होतो. स्प्लिट एसी, कूलिंग कमी, आतलं कव्हर उघडलं तर कॉइलवर बर्फ. मी सवयीने म्हटलं, मॅडम बर्फ धरलाय म्हणजे गॅस कमी झालाय. त्या मॅडम खुर्चीत पेपर तपासत बसल्या होत्या, मान वर करून म्हणाल्या, "बर्फ धरला की गॅस कमी झालेलाच असतो का हो, नेहमी?" आता हे कस्टमर सहसा विचारत नाही. मी म्हटलं नाही, नेहमी नाही, फिल्टर चोक असला तरी हवा फिरत नाही आणि कॉइल गोठते. तर त्या एकदम खूष होऊन म्हणाल्या, "मग तुमचा हेतू अनैकान्तिक झाला." मला वाटलं काहीतरी बोलल्या त्यांच्या विषयाचं, पण त्यांनी पेपर बाजूला ठेवून पाच मिनिटं समजावलं की जे कारण आपण पुढे करतो ते जर दोन्हीकडे सापडत असेल, म्हणजे गॅस कमी असतानाही आणि गॅस बरोबर असतानाही, तर त्या कारणावरून काहीच सिद्ध होत नाही, आणि याला नाव आहे, आणि हे नाव देणारी माणसं दीड-दोन हजार वर्षांपूर्वी आपल्याकडे होऊन गेलीत. फिल्टर धुतला, बर्फ वितळू दिला, एसी व्यवस्थित चालला. निघताना त्यांनी सांगितलं की जुलैपासून शनिवारी वर्ग घेते, यायचं असेल तर या.

पावसाळ्यात आमचं काम तसं थंडच असतं, म्हणून गेलो.

आता वर्गाची माहिती. दादर पश्चिमेला स्टेशनपासून चालत सात-आठ मिनिटांवर एक जुना हॉल आहे, पहिला मजला, लाकडी जिना. शनिवारी साडेचार ते सहा, जुलै ते ऑक्टोबर, एकूण चौदा तास... म्हणजे चौदा वर्ग, प्रत्येकी दीड तास, मध्ये गणपतीचे दोन शनिवार सुट्टी. फी २२०० रुपये, त्यात झेरॉक्स नोट्स धरून. आम्ही सव्वीस जण होतो, त्यात रिटायर झालेले बँकवाले, एलआयसीवाले जास्त, चार-पाच कॉलेजची मुलं एमएची तयारी करणारी, एक वकील ताई, एक फिजिओथेरपिस्ट, आणि एक आजी ज्या नातीला सोडायला यायच्या आणि मग स्वतःच बसायला लागल्या. त्या आजींबद्दल पुढे लिहितो कारण अख्ख्या वर्गातला सगळ्यात भारी दिवस त्यांच्यामुळे झाला.

पुस्तक एकच, अन्नंभट्टांचा तर्कसंग्रह. सतराव्या शतकातलं, अन्नंभट्ट आंध्रातले. अगदी छोटं पुस्तक आहे, मूळ मजकूर म्हणाल तर थोड्याच पानांत संपतो. पहिल्याच श्लोकात ते सांगतात की बालानां सुखबोधाय, म्हणजे बाळांना सोपं जावं म्हणून हे लिहितोय. मला बरं वाटलं ते वाचून, पण मॅडमनी लगेच सांगितलं की इथे बाळ म्हणजे लहान पोर नाही, व्याकरण, काव्य, कोश शिकलेला पण न्याय न शिकलेला माणूस. म्हणजे आमच्यातले बरेच जण त्या बाळाच्याही आधीच्या पायरीवर, पण त्यांनी तसं कधी जाणवू दिलं नाही, हे त्यांचं मोठेपण. प्रत्येक संस्कृत वाक्य आधी म्हणायचं, मग फोडायचं, मग मराठीत सांगायचं, मग "आता तुमच्या कामातलं उदाहरण द्या" हा ठरलेला प्रश्न. वकील ताईंची उदाहरणं मस्त असायची.

सुरुवातीचे चार वर्ग जड गेले, खरं सांगतो. पुस्तकात आधी पदार्थ येतात, म्हणजे जगात जे जे आहे त्याचे मोठे वर्ग, सात पदार्थ, त्यातली नऊ द्रव्यं, चोवीस गुण, आणि हा भाग खरा वैशेषिक दर्शनाचा, म्हणजे जगात काय काय आहे ते मोजणाऱ्या न्यायाच्या शेजारच्या शास्त्राचा, न्याय आणि वैशेषिक पुढे एकत्र शिकवायला लागले म्हणून या पुस्तकात दोन्ही आहे. तिथे पाठांतर जास्त आणि मला वाटत होतं की अनुमान कधी येणार, मी तर त्या बर्फासाठी आलोय. दोन जण तिथेच गळले. माझं म्हणणं असं आहे की नवीन माणसाला आधी अनुमान शिकवावं आणि मग मागे येऊन पदार्थ घ्यावेत, मी मॅडमना बोललो पण आहे. त्यांचं म्हणणं ग्रंथाचा क्रम मोडायचा नाही. त्यांच्या जागी ते बरोबर असेल.

पण त्याच चार वर्गांत शेवटी एक गोष्ट आली जी माझ्या डोक्यातून जात नाही, ती म्हणजे अभाव. सातवा पदार्थ. म्हणजे जे नाही तेही यांनी पदार्थ म्हणून मोजलंय. त्याचे चार प्रकार. घडा बनायच्या आधी तो नसतो तो प्रागभाव, त्याला सुरुवात नाही पण घडा झाला की तो संपतो. घडा फुटल्यावर जो नसतो तो प्रध्वंसाभाव, त्याला सुरुवात आहे पण शेवट नाही. मग अत्यन्ताभाव, जसा वाऱ्यात रंग कधीच नसतो, आणि अन्योन्याभाव, घडा म्हणजे कापड नव्हे हा. आणि नैयायिक, म्हणजे न्यायवाले, म्हणतात की घडा नाही हे आपल्याला जमीन बघताना डोळ्यांनीच कळतं, अंदाज बांधावा लागत नाही. कुमारिल भट्टांच्या मताचे मीमांसक, म्हणजे वेदातल्या वाक्यांचा अर्थ लावणारे, म्हणतात नाही, नसणं कळायला वेगळं प्रमाण, म्हणजे कळायचं वेगळं साधन लागतं, अनुपलब्धी, म्हणजे न सापडणं. यावर यांचे शेकडो वर्षं वाद.

माझे बाबा लालबागला गिरणीत होते, स्पिनिंग खात्यात. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा मी दोन वर्षांचा होतो, ते परत आत गेले नाहीत, नंतर आयुष्यभर वॉचमनची नोकरी केली. २०१९ ला गेले. घरात खिडकीजवळ त्यांची लोखंडी खुर्ची आहे अजून, तिच्यावर आम्ही कोणी फारसं बसत नाही. त्या दिवशी वर्गातून घरी भांडुपला आलो, दार उघडलं आणि खुर्ची दिसली आणि कळलं की नैयायिकांचंच बरोबर आहे. बाबा नाहीत हे मला दिसतं. विचार करून नाही कळत, खुर्चीबरोबरच दिसतं. आणि सुरुवात आहे, शेवट नाही, हे पण. बायकोला सांगितलं तर ती काही बोलली नाही, नुसता चहा ठेवला.

असो, पाचव्या वर्गापासून प्रमाणं सुरू झाली. प्रमाणं चार: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान, शब्द. प्रत्यक्ष दोन वर्गांत झालं. शिंपलं चमकताना चांदी वाटते ते उदाहरण सगळ्यांना माहीत असतं पण त्यात यांचं मत काय ते इथे कळलं, की चांदी खोटी नाही, चांदी दुसरीकडे खरीच पाहिलेली असते, ती आपण चुकून इथे जोडतो. चूक सुद्धा हवेतून येत नाही, खऱ्या गोष्टींचीच जोडणी चुकते. कंप्रेसरचा आवाज आला की बेअरिंग गेलं म्हणणारा नवीन पोरगा पण असंच करतो, आधी कुठेतरी गेलेलं बेअरिंग त्याने ऐकलेलं असतं.

आता तो आजींचा दिवस. अनुमानाचं यांचं ठरलेलं उदाहरण म्हणजे डोंगरावर धूर दिसतोय, म्हणून तिथे आग आहे. जिथे जिथे धूर तिथे तिथे आग, यत्र यत्र धूमस्तत्राग्निः, हा जो पक्का संबंध त्याला व्याप्ती म्हणायचं. दाखला काय, तर महानस, म्हणजे स्वयंपाकघर, तिथे आपण धूर आणि आग एकत्र बघितलेत. मॅडमनी विचारलं, तुमच्यापैकी किती जणांनी स्वयंपाकघरात धूर बघितलाय? कॉलेजच्या मुलांनी एकमेकांकडे बघितलं. सगळ्यांकडे गॅस, एकाकडे तर इंडक्शन. म्हणजे जो दाखला सगळ्यात सोपा म्हणून हजार वर्षं दिला गेला तो दादरच्या हॉलमध्ये निम्म्या लोकांनी डोळ्यांनी बघितलेलाच नाही!

मग मॅडमनी उलटं विचारलं. धूर आहे म्हणून आग आहे हे बरोबर, पण आग आहे म्हणून धूर आहे, हे चालेल का? शांतता. आणि मागून त्या आजी, संगमेश्वरकडच्या, चौऱ्याहत्तर वर्षांच्या, म्हणाल्या, "नाय चालणार बाई. निखारे फुललेले असतात तेव्हा विस्तव असतोच की, धूर कुठाय? धूर येतो लाकूड ओलं असलं म्हणजे. आमच्याकडे श्रावणात सगळी लाकडं ओली, सासू ओरडायची, मी फुंकणी घेऊन बसायची, डोळं असं चुरचुरायचं की रडतेय का धुराने पाणी येतंय ते पण कळायचं नाय."

मॅडम क्षणभर काही बोलल्याच नाहीत. मग फळ्यावर लिहिलं: आर्द्रेन्धनसंयोग. आर्द्र म्हणजे ओलं, इन्धन म्हणजे सरपण. ग्रंथात अगदी हेच उत्तर आहे, शब्दाला शब्द. आगीवरून धूर सिद्ध करायला गेलात तर मध्ये एक अट लपलेली असते, ओलं सरपण, तिला उपाधी म्हणतात, आणि जिथे उपाधी निघाली तिथे व्याप्ती मोडली. उपाधीची व्याख्या पण आहे, जी साध्याला (जे सिद्ध करायचंय ते, इथे धूर) सगळीकडे व्यापते पण साधनाला (ज्यावरून सिद्ध करायचं ते, इथे आग) सगळीकडे व्यापत नाही ती. म्हणजे जिथे असा धूर तिथे ओलं सरपण असतंच, पण जिथे आग तिथे ओलं सरपण असेलच असं नाही. ग्रंथात निखाऱ्याच्या जागी तापलेला लोखंडाचा गोळा आहे, तोही लालबुंद आणि धूर नाही. आजी म्हणाल्या, "हे पुस्तकात लिवलंय?" मॅडम म्हणाल्या, "हो, तुम्ही सांगितलंत तसंच." आजींनी पदर सारखा केला आणि वहीत काहीतरी लिहिलं. मी शेजारीच होतो, मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, ओली लाकडं.

हा एक दिवस २२०० रुपये वसूल करून गेला माझ्यासाठी. कारण मला त्या दिवशी कळलं की हे शास्त्र ज्यांनी लिहिलं ते चुलीपाशी बसलेल्या माणसाकडे नीट बघत होते. आपण त्याला जानवं-शेंडीचं, पंडितांचं म्हणून लांब ठेवलंय, किंवा मग उगाच डोक्यावर घेतलंय.

डोक्यावर घेण्यावरून आठवलं. आधी मी एक ऑनलाइन कोर्स पण ट्राय केला होता, नाव लिहीत नाही, त्यात दोन सेशन बसलो. पहिल्या सेशनला आपल्या ऋषींना अणुबाँब माहीत होता इथून सुरुवात झाली आणि मी चॅटमध्ये विचारलं की याला प्रमाण काय, तर मला म्यूट केलं. न्याय शिकवणाऱ्या कोर्समध्ये प्रमाण काय विचारलं म्हणून म्यूट. पैसे परत मिळाले नाहीत. हे अशासाठी सांगितलं की दादरच्या वर्गात बरोब्बर उलट आहे, मॅडम स्वतः सांगतात की वैशेषिकांचे परमाणू आणि आजच्या सायन्सचे अणू हे एक नव्हेत, नाव सारखं म्हणून वस्तू एक होत नाही, आणि शंका काढली की त्या खरोखर आनंदाने उभ्या राहतात.

उदाहरणार्थ एकदा एका मुलाने विचारलं की पावसाळ्यात महापालिकेचे लोक डासांसाठी धूर मारतात, तिथे धूर आहे पण बिल्डिंगला आग लागलेली नाही, मग तुमची व्याप्ती गेली ना? यावर वीस मिनिटं गेली. एलआयसीवाले काका म्हणाले मशीनच्या आत इंजिन तापतं म्हणजे आग आहेच. मॅडमनी सांगितलं, आधी हे ठरवा की जे दिसतंय तो धूर आहे का. तो धूर नाही, औषधाचे बारीक थेंब आहेत, डोळ्याने धूर म्हणून घेतले. जुन्या लोकांनी पण हे धरलंय, तळ्यावरची वाफ लांबून धूर वाटते. मग व्याप्ती मोडत नाही, हेतूच जागेवर नाही, याला स्वरूपासिद्ध म्हणायचं. हे मला फार पटलं कारण कस्टमर फोनवर म्हणतात बर्फ आलाय, आणि जाऊन बघावं तर पाइपला नुसता घाम असतो, पाण्याचे थेंब. आधी बर्फ आहे का ते बघ, मग बर्फावरून काय सिद्ध होतं ते बघ. मी माझ्याबरोबरच्या पोराला आता हेच दोन प्रश्न शिकवलेत.

मग पंचावयव, म्हणजे दुसऱ्याला पटवायचं असेल तर पाच पायऱ्या: प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन. स्वतःपुरतं कळायला एवढं लागत नाही, ते स्वार्थानुमान, दुसऱ्यासाठी मांडायचं ते परार्थानुमान. गृहपाठ होता की आपल्या कामातलं एक अनुमान पाच पायऱ्यांत लिहून आणा. मी लिहिलं:

या एसीचा गॅस कमी झालेला नाही. कारण फिल्टर धुतल्यावर पुन्हा बर्फ धरला नाही. ज्याचा गॅस कमी असतो तो फिल्टर साफ असूनही बर्फ धरतो, जसा गेल्या महिन्यात परळच्या दवाखान्यातला. हा तसा नाही. म्हणून याचा गॅस कमी झालेला नाही.

वर्गात उभा राहून वाचायला लागलो आणि तिसऱ्या ओळीला मीच थांबलो. कारण गॅस थोडा कमी असला की बर्फ धरतो, पण गॅस पूर्ण उडून गेला असेल तर बर्फ पण नाही आणि कूलिंग पण नाही. म्हणजे बर्फ नाही एवढ्यावरून गॅस बरोबर आहे असं म्हणता येत नाही. हे मला वीस वर्षं माहीत आहे, हाताला माहीत आहे, पण लिहिताना सुटलं होतं. मॅडम म्हणाल्या, मग हेतू दुरुस्त करा. मी केला: फिल्टर धुतल्यावर बर्फही धरला नाही आणि ग्रिलमधून हवा नेहमीसारखी थंड येतेय. आता बसलं. ती पाच ओळींची वही मी जपून ठेवलीये.

ऑक्टोबरमध्ये घाटकोपरला एका ताईंकडे गेलो, त्यांना आधीच्या माणसाने गॅस भरायला लागेल म्हणून मोठी रक्कम सांगितली होती आणि त्यांचा आता कोणावरच विश्वास नव्हता, माझ्यावर तर कशाला असेल. मी फिल्टर त्यांच्यासमोर बाथरूममध्ये धुतला, कॉइल कोरडी होऊ दिली, चाळीस मिनिटं एसी चालवला, थर्मामीटर ग्रिलला लावून त्यांच्या हातात दिला आणि पाच पायऱ्या मराठीत एकेक करून सांगितल्या, संस्कृत शब्द एकही न वापरता. त्या म्हणाल्या, "दादा, असं कोणी समजावून सांगतच नाही हो." सर्व्हिसचे पैसे घेतले आणि निघालो. तेवढ्या एका बिल्डिंगमधून नंतर तीन कॉल आले.

हेत्वाभास पाच, म्हणजे कारणासारखी दिसणारी पण कारण नसलेली कारणं: सव्यभिचार, विरुद्ध (उलटंच सिद्ध करणारं), सत्प्रतिपक्ष (समोर तेवढंच जोरदार उलटं कारण असलेलं), असिद्ध, बाधित. अनैकान्तिक हे सव्यभिचाराचंच दुसरं नाव. बाधिताचं उदाहरण गोड आहे, आग थंड आहे कारण ती द्रव्य आहे, म्हणजे युक्तिवाद काहीही असो, हात लावला की कळतं. हा भाग नोट्समध्ये मात्र फार वाईट छापलाय, व्याप्यत्वासिद्ध वगैरे शब्द नुसते लिहिलेत, मराठी अर्थ नाही, आणि झेरॉक्स इतकी फिकी की दोन पानं मला मोबाइलवर फोटो मागवून वाचायला लागली.

उपमान, म्हणजे सारखेपणावरून ओळखणं, अर्ध्या वर्गात उरकलं, गाईसारखा दिसतो तो गवय असं ऐकलेलं असलं की रानात तो ओळखता येतो, एवढंच. राधानगरीकडचा एक मुलगा गव्यांबद्दल छान बोलला. शब्दप्रमाण एकाच वर्गात, आणि इथे माझी खरी तक्रार आहे. आप्तवाक्य म्हणजे शब्द, आणि आप्त कोण तर यथार्थवक्ता, जे जसं आहे तसं सांगणारा. आज सगळ्यात जास्त गोष्टी आपण दुसऱ्याच्या सांगण्यावरूनच मानतो, डॉक्टर, बातम्या, स्टेशनवरची अनाउन्समेंट, तर कुणाचं मानावं आणि कधी मानू नये यावर तीन वर्ग तरी हवे होते. नव्यन्यायाचं, म्हणजे न्यायाच्या नंतरच्या, जास्त बारकाईच्या शाखेचं, पण तसंच. चौदाव्या शतकात मिथिलेचे गंगेश उपाध्याय, त्यांचा तत्त्वचिन्तामणी, आणि पुढे बंगालात नवद्वीपला रघुनाथ शिरोमणी, ही नावं आली, अवच्छेदक हा शब्द फळ्यावर लिहिला गेला आणि पुढच्या बॅचला घेऊ म्हणून पुसला गेला. पत्रकात मात्र "नव्यन्यायाची ओळख" असं छापलंय. छापायचं तर घ्यावं, नाहीतर छापू नये.

गणपतीच्या सुट्टीत मॅडमनी ग्रुपवर ज्ञानेश्वरीतली ओवी टाकली होती, तर्कु तोचि फरशु, गणपतीच्या हातातला परशू म्हणजे तर्क. आमच्या गल्लीतल्या मंडळाच्या मूर्तीच्या हातात परशू बघितला तेव्हा पहिल्यांदा तिकडे लक्ष गेलं, इतकी वर्षं मोदकाकडेच जायचं.

एक वर्ग पुस्तकाबाहेरचा होता आणि तो ठेवल्याबद्दल आभार. गौतमांच्या न्यायसूत्रांमध्ये, म्हणजे न्यायाच्या मूळ ग्रंथात, सोळा गोष्टी मोजल्यात, त्यात वाद, जल्प, वितंडा वेगवेगळे आहेत. वाद म्हणजे दोघांना खरं काय ते शोधायचंय. जल्प म्हणजे जिंकायचंय. वितंडा म्हणजे स्वतःचं काही म्हणणंच नाही, समोरच्याचं फक्त पाडायचं. आपण मराठीत वितंडवाद म्हणतो तेव्हा नुसतं भांडण म्हणून म्हणतो, पण शब्द किती नेमका आहे बघा. आमच्या सोसायटीत रीडेव्हलपमेंटची मीटिंग दोन वर्षं चाललीये, तिथे एक गृहस्थ आहेत, त्यांना कुठलाही बिल्डर नको, स्वतः दुरुस्ती पण नको, काय हवं विचारलं की सांगत नाहीत. आता मीटिंगमध्ये मी एवढंच विचारतो, तुमचा पक्ष काय तो आधी लिहून द्या. मिनिट्समध्ये आलंय ते. आणि छल, म्हणजे शब्दाचा दुसरा अर्थ धरून अडवणं, याचं जुनं उदाहरण नव कंबल, नवी घोंगडी म्हटलं तर समोरचा म्हणतो कुठायत नऊ घोंगड्या, एकच तर आहे. वकील ताई म्हणाल्या हे आम्ही रोज ऐकतो.

शेवटच्या वर्गाला मॅडम एक जुनं पुस्तक घेऊन आल्या, तर्कसंग्रहाचीच आवृत्ती, मुंबई संस्कृत मालिकेत १८९७ साली निघालेली, यशवंत वासुदेव आठल्ये यांच्या टिपा आणि महादेव राजाराम बोडस यांची प्रस्तावना आणि इंग्रजी भाषांतर. आठल्ये ते छापून यायच्या आधीच वारले होते. म्हणजे याच शहरात सव्वाशे वर्षांपूर्वी दोन मराठी माणसांनी या इवल्याशा पुस्तकावर एवढा जाडजूड ग्रंथ केला. न्यायाच्या शब्दांचा आख्खा कोश, न्यायकोश, तो पण भीमाचार्य झळकीकरांचा, ते एल्फिन्स्टन कॉलेजात शिकवायचे, त्याची सुधारलेली आवृत्ती नंतर १९२८ ला पुण्याच्या भांडारकर संस्थेने काढली. मी त्या कॉलेजच्या समोरून किती वेळा टूलबॅग घेऊन गेलो असेन. पुस्तक सगळ्यांच्या हातात फिरवलं, आजींनी कपाळाला लावलं आणि पुढे दिलं.

बाकी सोयी: हॉलमध्ये पंखे चार, त्यातला एक बंद, एसी नाही, माझी त्याला हरकत नाही पण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये म्हाताऱ्या माणसांना त्रास होतो. बंद पंख्याचा कपॅसिटर मी तिसऱ्या शनिवारी बदलून दिला, आता चालू आहे. खिडक्या रस्त्याच्या बाजूला, हॉर्नमुळे मागच्या दोन रांगांना ऐकू येत नाही, पुढे बसा. जिना आजींसारख्यांना कठीण, कठडा एका बाजूलाच आहे. चहा वर्गात नाही, खाली टपरीवर कटिंग मिळतो, आणि खरं सांगायचं तर सहानंतर अर्धा तास त्या टपरीपाशी जी चर्चा व्हायची तो पंधरावा वर्गच. शनिवारी साडेचार ही वेळ नोकरी-धंदावाल्याला अवघड आहे, रविवारी सकाळी ठेवली तर माझ्यासारखे अजून येतील, इलेक्ट्रिशियन, प्लंबर, गॅरेजवाले, ज्यांचं अख्खं कामच धुरावरून आग शोधण्याचं आहे. आमच्या बॅचला हातात अवजार धरणारा मी एकटाच होतो, हे बरोबर नाही वाटलं.

माझ्याकडून पाचपैकी चार. एक कापला तो शब्दप्रमाण आणि नव्यन्याय राहिल्याबद्दल, नोट्ससाठी नाही, नोट्स सुधारतील. पुढची बॅच पुढच्या जुलैला आहे, मी परत नाव दिलंय, त्याच फीमध्ये, आणि माझ्याबरोबरच्या पोराचं पण दिलंय. आजी पण येणार आहेत. येताना दोनशे पानी वही आणा आणि पहिले चार वर्ग सोडू नका, कंटाळा आला तरी अभावापर्यंत थांबा.